फक्कीची रेघ

१

सुंदरराव रोज सकाळी सातला छावणीच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि आत कामाला लागलेल्या माणसांकडे बघून नाक मुरडत. हे त्यांचं नित्याचं काम होतं आणि मनापासून केलेलं बहुधा एकमेव. दोन हजार तेराचा उन्हाळा. धारूरच्या घाटाखालच्या सोनखांब गावातल्या विहिरी कधीच तळाला गेल्या होत्या, साखर कारखान्याचं धुराडं पौषातच थंड झालं होतं, आणि गावच्या सहकारी सोसायटीने माळावर जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. सातशे जनावरं आणि त्यांच्या मागोमाग आलेली दीडशे माणसं. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव, म्हणून छावणीचे मालकही तेच. सहकार म्हणजे सगळ्यांनी राबायचं आणि एकाने खुर्चीत बसायचं, एवढाच अर्थ त्यांना कळला होता, आणि तेवढा त्यांना पुरत होता.

ट्रॅक्टरमधून बाहेरगावाहून उसाच्या शेंड्यांचं वाढं यायचं. बायका त्याच्या मोळ्या डोक्यावर घेऊन एका रांगेत सोसायटीच्या गोदामात जायच्या. तिथे कुट्टीच्या यंत्रात वाढं बारीक व्हायचं आणि पाट्या भरभरून दावणीला जायचं.

"बघ, मुंग्या निघाल्या," सुंदरराव फाटकावरच्या शहादेवला म्हणत. "देवानं ह्यांना डोकं दिलंय ते फक्त मोळी ठिवायला."

शहादेव हसायचा. हसायचं त्याच्या मनात असो नसो, खुर्चीच्या शेजारी उभं राहायचं तर हसणं भाग होतं.

चैत्रात छावणीत लाळ-खुरकूत शिरली आणि पहिला बैल गेला तो आसारामचा. दुसरं कोणी हात लावीना, म्हणून आसारामनेच तो दोराने ओढत कोरड्या नाल्यापलीकडे नेऊन टाकला. परत येतो तो वाटेत सुंदरराव उभे. त्यांनी तेवढ्या वेळात नाल्याच्या अलीकडच्या काठाने पांढऱ्या फक्कीची रेघ मारून घेतली होती, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी.

"मेलेल्या जनावराला हात लावलेला माणूस रेघेच्या आत यायचा न्हाई," ते म्हणाले. "रोगराई पसरती. तू आता तिकडंच ऱ्हा. जनावर मेलं की इथवर आणून देतील, फुडचं तू बघ."

"किती दिस, आण्णा?"

"पाऊस पडूस्तोर."

आसारामची बायको सरस्वतीबाई आणि उरलेली गाय रेघेच्या आत राहिली, आसाराम बाहेर. नाल्यापलीकडे पाचटाचं खोपट करून तो राहू लागला. त्याची भाकरी रेघेवरच्या एका दगडावर ठेवायची असं ठरलं. ठरलं म्हणजे सुंदररावांनी ठरवलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी असल्या रेघा फक्की न मारताही गावाला दिसायच्या. नातवाने त्याला रोगराईचं नाव दिलं, एवढीच काय ती प्रगती. भाकरी ठेवायचं काम त्यांनी आपल्या बायकोवर, छबुबाईवर टाकलं आणि ते विसरून गेले. छबुबाईच्या हातात हिरव्या बांगड्या असत आणि त्यांत एक लाल, मूल व्हावं म्हणून बोललेल्या नवसाची. मूल झालं नाही. बांगडी मात्र तिने काढली नाही.

सुंदररावांचा जीव होता तो गोदामामागच्या चारशे मोसंबीच्या झाडांवर. शिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. छावणीच्या जनावरांसाठी येणारा टँकर रोज आधी बागेतल्या शेततळ्यात अर्धा रिकामा व्हायचा आणि मग हौदाकडे वळायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. संध्याकाळी सुंदरराव झाडांच्या खोडांवरून हात फिरवत हिंडत आणि त्यांच्याशी हळू आवाजात बोलत. तसल्या आवाजात ते माणसाशी बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. वडिलांनी लावलेली बाग यंदा जगली तर आपण जिंकलो, गेली तर सगळं गेलं, असं त्यांचं साधं गणित होतं.

२

वैशाखातल्या एका दुपारी खुर्चीच्या पायाशी त्यांना एक हिरवी रेघ हलताना दिसली.

वाकून पाहिलं तर मुंग्या. तांबूस रंगाच्या, टपोऱ्या डोक्याच्या, आणि प्रत्येकीने तोंडात पानाचा एकेक तुकडा उभा धरलेला. बोटाच्या नखाएवढा तुकडा, एका बाजूने गोल कापलेला. छत्र्या घेऊन वरात चालली असावी तसं दिसत होतं. तुकड्यांवर आणखी बारक्या मुंग्या ऐटीत बसून चालल्या होत्या.

"तुमच्यातबी चेअरमन असत्यात व्हय रे," सुंदरराव म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

मग त्यांच्या ध्यानात आलं की छावणीत पान म्हणावं असं काही नाहीच. उसाचं वाढं लांब, कडक, करवतीसारखं. त्याचा असा मऊ, रुंद तुकडा पडणार नाही. त्यांनी एक तुकडा चिमटीत उचलला. मुंगी तो सोडीना, तशी लोंबकळत वर आली. सुंदररावांनी तिला झटकून टाकलं, तुकडा बोटांत चुरडला आणि नाकाशी नेला.

मोसंबी.

ते खुर्चीतून उठले ते चप्पल घालायचं विसरून. मुंग्यांची रांग दावणीच्या कडेने येत होती, गोदामाला वळसा घालून आली होती, आणि तिचं दुसरं टोक बागेत होतं. दक्षिणेकडच्या पहिल्या ओळीतल्या अकरा झाडांना वरच्या अंगाला पान उरलं नव्हतं. नुसत्या काड्या. खालच्या पानांना कडेने अर्धगोल चावे घेतलेले, सगळे एका मापाचे. भर दुपारी बागेत कसला तरी बारीक करकर आवाज भरून राहिला होता. सुंदरराव श्वास रोखून उभे राहिले, तेव्हा कळलं की तो कापण्याचा आवाज आहे.

रांगेचं अलीकडचं टोक फाटकावरून परत वळून गोदामाच्याच जोत्याखाली, दोन दगडांच्या फटीत जात होतं. जाताना प्रत्येक मुंगी भरलेली आणि येताना रिकामी.

३

कृषी सहायक रामहरी हा तालुक्यातला एकमेव सरकारी माणूस, ज्याला सुंदरराव 'गाढव' म्हणायचं ते मागून म्हणत, तोंडावर नाही. तो मोटरसायकलवर आला, रांगेजवळ उकिडवा बसला आणि मुंग्यांकडे बघतच राहिला.

"बोल की. कंची मुंगी हाय?"

"साहेब, ही आपल्याकडं नसते. कॉलेजात असताना पुस्तकात फोटो बघितला होता मी. तिकडं दक्षिण अमेरिकेच्या जंगलात असते."

"मग हितं कशी आली?"

"आलीच न्हाई. म्हणजे, येऊच शकत न्हाई," रामहरी म्हणाला आणि आपण काय बोललो हे कळून ओशाळला.

"डोळ्यासमोर माझी बाग खायलीय आन् म्हणतोय आली न्हाई!"

"खात न्हाई साहेब. पान खातच न्हाई ही. जमिनीत नेऊन चावून चोथा करते आन् त्याच्यावर पांढरी बुरशी पिकवते. शेतीच म्हणा की. मग ती बुरशी सगळ्या मिळून खातात. कापणाऱ्या वेगळ्या, वाहणाऱ्या वेगळ्या, बुरशीची निगा राखणाऱ्या बारक्या वेगळ्या. दारावर मोठ्या डोक्याच्या."

"आन् ह्या सगळ्यांना कामं कोण सांगतं?"

"कोणीच न्हाई. राणी असती एक, पण ती नुसती अंडी घालती. हुकूम कोणी सोडतच न्हाई साहेब. एकमेकींना शिवून, वास घेऊन त्यांचं त्यांना कळतं."

हे सुंदररावांना पटलं नाही. हुकूम सोडल्याशिवाय चार माणसं धड एक बाज उचलत नाहीत, हा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

रामहरी मात्र आता पुस्तकात शिरला होता. "घाण काढणाऱ्याबी वेगळ्या असतात. मेलेल्या मुंग्या, सडलेली बुरशी दूर नेऊन ढीग करतात. पण एकदा का मुंगी त्या ढिगावर गेली, की तिला परत आत घेत न्हाईत. वासावरनं ओळखतात. आत यायला लागली तर ढकलून लावतात. मरेस्तोर तिनं तिथंच काम करायचं."

सुंदरराव मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे माझीच रेघ की रे! मुंगीला कळतं ते आमच्या लोकांना कळंना. ते आसाराम रोज हात जोडतंय, आत घ्या म्हणून."

रामहरी हसला नाही. त्याने दोन मुंग्या काडेपेटीत घातल्या आणि तालुक्याच्या साहेबांना दाखवून सांगतो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. काडेपेटी रिकामी निघाली होती. तिच्या एका कोपऱ्याला नखाएवढा अर्धगोल कापलेला होता.

"पण साहेब, माझ्याच खिशात होती," तो दोनदा म्हणाला. पुढे तो छावणीकडे फिरकला नाही.

४

सुंदररावांनी धारूरच्या बाजारातून मुंग्यांची पावडर आणवली आणि दोन पोती गोदामाच्या फटीत आपल्या देखत ओतून घेतली. त्या दिवशी रांग थांबली. सुंदररावांनी दुपारी आमरस खाल्ला आणि बागेत बाज टाकून झोप काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापलीकडून आसाराम हाका मारायला लागला.

"आण्णा! हिकडं बघा, आण्णा!"

सुंदरराव रेघेपर्यंत गेले. नाल्याच्या पलीकडच्या काठाला, आसारामच्या खोपटाजवळ, कमरेएवढा ढीग होता. करडा, भुसभुशीत, आणि त्यावर सगळी पांढरी पावडर आणून टाकलेली. कणही वाया न घालवता. काठाच्या मुरमातल्या भोकांतून मुंग्या अजूनही तोंडात एकेक कण धरून येत होत्या, ढिगावर टाकत होत्या, आणि तिथेच फिरत राहत होत्या. परत एकही जात नव्हती.

"हा ढीग चैत्रापासून हाय, आण्णा. रोज वाढतोय. माज्याच दारात कावून टाकत्यात? मी काय केलंय?"

"तुला बरं सोबत झालं," सुंदरराव म्हणाले. पण चेहरा त्यांचाही उतरला होता. चैत्रापासून. म्हणजे ज्या आठवड्यात रेघ मारली त्या आठवड्यापासून.

तिथून ते सरळ गोदामात गेले. सकाळचं भारनियमन चालू होतं, वीज नव्हती. कुट्टीचं यंत्र बंद असणारच. तरी आवाज येत होता. तोच, बागेतला, पण जाड झालेला. जोत्याखालून, पार खोलवरून, शंभर यंत्रं एकदम चालावीत तसा. पायांच्या तळव्यांना फरशी हुळहुळत होती.

आणि आणखी एक गोष्ट. ते आत आले तेव्हा त्यांच्या पुढे सहा-सात बायका मोळ्या घेऊन आत शिरल्या होत्या. त्यांनी मोजल्या नव्हत्या, पण सगळ्यांत पुढची केशरबाई आणि सगळ्यांत मागची सरस्वतीबाई हे त्यांनी पाहिलं होतं. आत कोणी नव्हतं. पेंडीची पोती, थंडगार यंत्र, कोपऱ्यात एक वर आलेली फरशी. वाढ्याचं पातं देखील पडलेलं नव्हतं.

'मागच्या दारानं गेल्या असतील,' असं त्यांनी मनाशी ठरवलं. मागच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. खिशात हात घालून त्यांनी किल्ली चाचपली आणि तसेच बाहेर आले. बाहेर केशरबाई रिकाम्या डोक्याने, चुंबळ हातात घेऊन, ट्रॅक्टरकडे चालली होती.

५

मग त्यांना दिसायला लागलं. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं.

छावणीत भांडणं बंद झाली होती. एरवी पाण्याच्या हौदावर सकाळी सकाळी बायकांची जुंपायची, झिंज्या धरण्यापर्यंत पाळी जायची, आणि सुंदरराव खुर्चीतून ते बघत चहा प्यायचे. आता हौदावर एकामागून एक घागर लागत होती, तोंडातून शब्द नाही. मोळीवाल्या बायकांची एक रांग जाताना आणि एक येताना, आणि दोघी समोरासमोर आल्या की जाणारी येणारीच्या कपाळाला दोन बोटं लावायची, क्षणभर. मग दोघी आपापल्या वाटेने.

"ए केशरे," सुंदररावांनी तिला अडवलं. केशरबाई ही छावणीतली सगळ्यांत तोंडाळ बाई. तिच्या जिभेला शहादेवही भ्यायचा. "ही काय थेरं लावलीत? बोटं कावून लावता कपाळाला?"

"कोण लावतंय, आण्णा?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. बोलता बोलता मागून आलेल्या बाईने तिच्या कपाळाला दोन बोटं लावली आणि केशरबाईने तिच्या. "कुटं काय?" ती म्हणाली आणि चालायला लागली.

"खुळ्यांची जत्रा भरलीय," सुंदरराव शहादेवला म्हणाले. शहादेव हसला नाही. उन्हात डोळे न मिचकावता तो फाटकाकडे बघत राहिला. त्याचं डोकं पूर्वी एवढं मोठं होतं का, असा एक वेडगळ विचार सुंदररावांच्या मनात येऊन गेला. टोपी घातली नसेल म्हणून तसं वाटत असेल.

बागेची तिसरी ओळ गेली, सातवी गेली, विसावी गेली. सुंदररावांनी खोडांना चुना फासला, झाडांच्या आळ्यांभोवती रॉकेल ओतलं, टँकर अख्खा बागेत रिकामा करून जमीन चिखल केली. त्या दिवशी हौद कोरडा राहिला आणि दोन वासरं गेली. एक बाप्या मुकाट्याने ती ओढत रेघेपर्यंत घेऊन आला, पलीकडून आसारामने दोर धरला. कोणी शिवी दिली नाही. कोणी सुंदररावांकडे पाहिलंही नाही, आणि हेच त्यांना सहन होईना. माणसाने आपल्याला घाबरावं, आपल्या पाठीमागे आपल्याला शिव्या द्याव्यात. पण आपण नसल्यासारखं वागावं म्हणजे काय?

त्यांनी रांग थांबवून हुकूम सोडला. "मोळ्या टाका खाली. सगळ्यांनी कुदळी घ्या. नाल्याचा काठ खणायचाय."

रांग त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली, पाण्यातल्या धोंड्याच्या बाजूने पाणी जावं तशी.

"आमाला वैरण न्यायचीय, आण्णा," केशरबाई जाता जाता म्हणाली. छावणीत सुंदररावांच्या कानावर पडलेले ते शेवटचे शब्द.

६

बागेत एकोणीस झाडं हिरवी उरली होती, तेव्हा सुंदररावांनी स्वतः कुदळ उचलली.

त्यांचा हिशेब सरळ होता. जोत्याखाली टाकलेली पावडर नाल्याच्या काठातून बाहेर आली, म्हणजे वारुळाचं मागचं दार तिथे. गोदामाची फरशी फोडण्यापेक्षा काठाचा मुरूम खणणं सोपं. दार सापडलं की रॉकेल ओतून काडी लावायची. भर बाराचं ऊन होतं. फक्कीची रेघ ओलांडताना त्यांच्या मनात काही आलं नाही. रेघ त्यांनीच मारलेली, ती त्यांच्यासाठी थोडीच होती?

"नगा, आण्णा," आसाराम खोपटातून म्हणाला. त्याची दाढी वाढली होती, पण अंगाने तो चांगला भरला होता. "त्या ढिगाला हात नगा लावू."

"तू गप बस बे. माझी बाग चाललीय."

भोकं ढिगाच्या खाली होती. आधी ढीग उपसायला हवा होता. कुदळ भुसभुशीत घाणीत रुतून बसायला लागली, तशी ती फेकून सुंदररावांनी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. आत ऊबदार होतं. गोडसर, आंबूस वास आला. हाताला चोथा लागला, मेलेल्या मुंग्यांचे पापुद्रे लागले, मग केसाळ असं काही लागलं. बाहेर काढून बघतात तो जनावराच्या कातड्याचे तुकडे. हातभर लांबीचे, एका बाजूने गोल कापलेले, सगळे एका मापाचे. त्याखाली जनावरांच्या कानांतले पिवळे बिल्ले, तेही अर्धगोल. एवढं मोठं कापणारं तोंड कुठल्या मुंगीचं असेल, हा विचार त्यांनी पूर्ण होऊ दिला नाही. ते उपसत राहिले.

एकाएकी समोरचा मुरूम ढासळला आणि काठात परातीएवढं भगदाड पडलं. आतून दमट, थंड हवा तोंडावर आली. उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आधी काही दिसेना. मग पांढरं दिसलं.

आत पांढरं होतं. लांबच लांब, जिथवर नजर जात होती तिथवर, मऊ, पिंजलेल्या कापसाच्या गादीसारखं, आणि ते हळूहळू वरखाली होत होतं. करकर आवाज बंद पडला होता. त्या पांढऱ्यावर एक हात फिरत होता. कोपरापर्यंत दिसला तेवढाच. हिरव्या चोथ्याचा गोळा पसरून हळूहळू थापत होता, भाकरी थापतात तसा. हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांत एक लाल.

हात थांबला. बांगड्या किणकिणल्या. मग दोन बोटं उंचावली, आणि वास घेतल्यासारखी भगदाडाच्या दिशेने वळली.

७

सुंदरराव नाला ओलांडून पळत सुटले. छबुबाई घरी आहे, ती या वेळी घरीच असते, आपल्याला ऊन लागलंय, घरी जाऊन तिला बघितलं की झालं, असं ते मोठ्याने बोलत होते. हातांना तो वास कोपरापर्यंत चिकटला होता.

रेघेपाशी शहादेव उभा होता.

"सरक बाजूला!"

शहादेव सरकला नाही. त्याच्या मागे मोळ्यांची रांग आली आणि थांबली. केशरबाई पुढे झाली. तिने दोन बोटं सुंदररावांच्या कपाळाला लावली, ती बोटं नाकाशी नेली, आणि मागे वळली. मग दुसरी आली. मग तिसरी. सरस्वतीबाई आली, तिने बोटं लावली, वास घेतला, वळली. कोणाच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सुंदररावांनी काहीतरी केलं असतं. रागाशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं.

"आरं, मी चेअरमन हाय! ही रेघ मी मारलीय!"

दहा-बारा जणांनी त्यांना खांदे लावले आणि रुतलेली गाडी ढकलावी तसं मागे ढकललं. मारलं नाही, ओरबाडलं नाही. रेघेच्या पलीकडे त्यांचा पाय पडला तसे सगळे त्यांना सोडून कामाला लागले. ते पुन्हा आले, पुन्हा ढकलले गेले. पाचव्या वेळी शहादेवने त्यांचा हात दंडाला धरला आणि किंचित आवळला. दंडावर दोन बाजूंनी अर्धगोल वळ उठले. सहाव्यांदा सुंदरराव गेले नाहीत.

८

दोन दिवस त्यांनी नाल्यातून शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. फाटकाशी त्यांची खुर्ची तशीच होती, रिकामी. खुर्ची रिकामी असल्याने छावणीचं काही अडत नव्हतं. टँकर येई तो सरळ हौदाशी जाई. जनावरांच्या पाठी तुकतुकीत दिसत होत्या. दुपारी माणसं ओळीने बसून ओंजळीतून काहीतरी पांढरं खायची, सगळ्यांना सारखं, आणि खाऊन झालं की उठायची. तालुक्यात इतकी सुरळीत चाललेली सहकारी संस्था दुसरी नसेल. चेअरमन तेवढा नव्हता तिला.

तिसऱ्या दिवशी बागेतलं शेवटचं झाड उघडं पडलं. सुंदररावांनी ते नाल्यातूनच बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. बायकोवर हात टाकताना, आसारामला बाहेर काढताना, वासरं मरताना ज्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता, ते डोळे चारशे काड्यांसाठी वाहत होते.

"उगी, आण्णा. खायला येईल आता," आसाराम म्हणाला.

छबुबाई आली. डोक्यावर पदर, चाल नेहमीची. रेघेवरच्या दगडाशी ती वाकली.

"छबू," सुंदररावांनी हाक मारली. बागेतल्या झाडांशी बोलायचा तो हळू आवाज आज पहिल्यांदा तिच्यासाठी निघाला. "छबू, मी हाय."

ती थांबली. दोन बोटं हवेत उचलून तिने वारं हुंगलं. मग दगडावर दोन गोळे ठेवले आणि निघून गेली. हिरव्या बांगड्यांमधली लाल बांगडी पांढऱ्याने माखली होती.

"भाकरी कुठं हाय?" सुंदररावांनी विचारलं.

"भाकरी कुठली, आण्णा? रेघ मारल्याच्या आठव्या दिवसापासून हेच येतंय. तुमी कवा बघितलंच न्हाई."

सुंदररावांनी संध्याकाळपर्यंत कळ काढली. मग एक गोळा तोडून तोंडात घातला. मऊ होता, गोड होता, आणि चावल्यावर मोसंबीच्या पानाचा वास आला.

तेवढ्यात रेघेशी एक मेलेला बैल आणून टाकला गेला. आणणारे मागे वळूनही न बघता गेले. आसारामने दोराचा फास बैलाच्या पायात अडकवला आणि दुसरं टोक सुंदररावांच्या पुढे धरलं.

"धरा, आण्णा. एकट्याला वढत न्हाई."

सुंदररावांनी हात धोतराला पुसला आणि दोर धरला.